नाव टाकणं आणि नाव पुसणं

निष्काम कर्मावरचं कीर्तन ऐकताना मला एक शंका छळते. फळाची आशा सोड, असं भगवंतांनी अर्जुनाला सांगितलं. दुसऱ्याला ती सोडायला लाव, असं कुठंच सांगितलेलं नाही. व्यवहारात मात्र तेच चालतं.

तलवाड्यात, त्वरितादेवीच्या गावात, मी भजनाला पेटी धरतो आणि जुन्या सिनेसंगीताचा मला भारी नाद. शंकर-जयकिशनच्या गाण्यांची वाद्यरचना वर्षानुवर्षं गोव्याच्या सेबॅस्टियन डिसूझांनी केली. कोणत्या व्हायोलिननं कुठं काय वाजवायचं, ते स्वरलिपीत उतरवायचं काम त्यांचं. आज गेवराईच्या बाजारात त्यांचं नाव विचारून बघा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू. शिष्यानं १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त त्यांचं नाव गाण्यात घातलं. लोकांना मात्र तो अमिताभच वाटतो.

अमेरिकेतही हेच. १९३९च्या ‘गॉन विथ द विंड’चं संगीत मॅक्स स्टायनर यांचं. वेळ अपुरा पडला तेव्हा ह्यूगो फ्रीडहोफर, अडॉल्फ डॉइच, हाइन्झ रोमहेल्ड मदतीला बसले. पडद्यावर तिघांचंही नाव नाही. पुढं १९४६च्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’साठी फ्रीडहोफरना ऑस्कर मिळालं आणि ते उजेडात आले.

कुणी म्हणेल, पैसे मिळाले ना, मग तक्रार कसली? इथंच घोळ आहे. मोबदला, टाळ्या, बक्षीस ही फळं; ती सोडता येतात. हे काम कुणी केलं, हे फळ नव्हे, ती घडलेली गोष्ट आहे. तिच्याबद्दल गप्प बसण्याचा अधिकार फक्त करणाऱ्याचा. लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ नावाआड राहून ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘साधी माणसं’ला चाली दिल्या, तो त्यांचा निर्णय. फ्रीडहोफरना कुणी विचारलं होतं?

आमच्या वारकऱ्यांना हा फरक नेमका कळला होता. अहंकार जाळा म्हणणाऱ्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ या सालाबरोबर लेखनिक सच्चिदानंदबाबांची नोंद आहे. त्याहून गोड जनाबाईच्या नावावरचा एक अभंग. कोणत्या संताचे बोल कुणी लिहून घेतले, याची ती सरळ यादीच आहे. मुक्ताईचे ज्ञानदेवांनी, सावता माळ्याचे काशिबा गुरवानं, चोखोबांचे अनंतभट्टानं. आणि जनीचे? खुद्द पांडुरंगानं. देवालासुद्धा लेखनिकाच्या रांगेत बसवून त्याचं श्रेय चोख देणारी ही बाई! सिनेमाच्या शेवटी सरकणारी नावं याहून वेगळी काय असतात?

आता आमचं बघा. सप्ताहाच्या पत्रिकेवर कीर्तनकार ठळक, देणगीदार फोटोसकट. गायक-मृदंगवादकही असतात, बारीक अक्षरात का होईना. पण सात दिवस चुलीपुढं बसून पंगतींचा स्वयंपाक करणाऱ्या बायका? ‘समस्त ग्रामस्थ’. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘त्यांची सेवा आहे, त्यांना नाव कशाला?’ त्यांना नको असेल, तर तसं त्यांनी सांगावं. पत्रिका छापायला देण्याआधी मंडळातल्या कुणीतरी स्वयंपाकघरात जाऊन एकेकीला विचारा, आणि ज्या हो म्हणतील त्यांची पूर्ण नावं छापा.