बंद खोलीचा उघडा हिशेब

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, ही त्यांतली ठळक अट. मी थबकलो ते दुसऱ्याच अटीपाशी. नावे वगळून नोंदी ठेवायच्या आणि किती मुलांना मदत केली, किती जणांना तज्ज्ञांकडे पाठवले, प्रशिक्षणे किती घेतली, याचा वार्षिक अहवाल नियामक यंत्रणेला द्यायचा.

२०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवले, त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातले. हे ठाऊक असताना शाळांकडे हिशेब मागायलाच हवा.

पण मोजायचे काय? समुपदेशनाचे यश बहुधा न घडलेल्या गोष्टीत असते. सहामाहीनंतर एखादी मुलगी तीनदा येऊन नुसती बसते, चौथ्यांदा बोलते. तक्त्यात चार भेटी. सभागृहात दोनशे मुलांपुढे अर्धा तास भाषण झाले की दोनशे लाभार्थी. वर्षअखेरीस कुठला आकडा भरीव दिसेल, हे सांगायला नको. ज्या आकड्यावर निर्णय ठरतात तोच आकडा नासू लागतो, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७०च्या दशकात बजावले होते.

शिवाय नाव गाळले म्हणून ओळख लपत नाही. गावातल्या शाळेत नववीची एकच तुकडी. ‘एक विद्यार्थिनी मानसोपचारतज्ज्ञांकडे’ एवढे छापले तरी गावाला पुरते. मग तिच्या मैत्रिणी समुपदेशकाच्या खोलीची पायरी चढत नाहीत.

म्हणून मोठ्यांचा हिशेब उघडा असावा आणि मुलांचा झाकलेला, असे मला वाटते. सीबीएसईच्या शाळांना संकेतस्थळावर द्यावयाच्या सक्तीच्या माहितीत निकाल, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे यांच्याबरोबर समुपदेशकाचा तपशीलही मांडावा लागतो. कॅलिफोर्नियात १९८८च्या जनमतकौलापासून प्रत्येक शाळेचा वार्षिक अहवाल जाहीर होतो. एका समुपदेशकामागे किती विद्यार्थी, हे आज त्यात असते. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांची संघटना एकामागे २५० विद्यार्थ्यांची शिफारस करते. अशा आकड्याने कुठल्याच मुलाचे गुपित फुटत नाही, आणि शाळेने कामाला माणूस दिला की नुसती पाटी लावली, ते कळते.

तज्ज्ञांकडे पाठवलेल्यांची संख्या जिल्ह्याची बेरीज म्हणूनच बाहेर यावी. न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समित्या सांगितल्या आहेत. ती बेरीज त्यांनी करावी. शाळेचा अहवाल मात्र नियामकाच्या फायलीत थांबू नये. पालकसभेत निकालाची टक्केवारी वाचून दाखवतात, तिथेच समुपदेशक आठवड्यातून किती दिवस येतात, भेटीसाठी किती थांबावे लागते, खोलीचे दार आतून लागते का आणि त्यांना परीक्षेच्या पर्यवेक्षणाला किती वेळा जुंपले, हेही वाचावे.