बेघरांचा निवारा आणि आपला शेजारधर्म

अतिथिधर्माच्या कथा ऐकताना एक सोय असते. कथेतला अतिथी नेहमी दुसऱ्याच्या दारात येतो. शिबी राजा कबुतरासाठी आपले मांस तोलून देतो, रंतिदेव अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपवासानंतर हाती आलेले पाणीही देऊन टाकतो, श्रियाळ आणि चांगुणा तर पोटचे लेकरू देतात. श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी येते, बुवांना नारळ मिळतो आणि सर्व मंडळी आपापल्या घरी जाऊन दाराला कडी लावतात. यात गैर काही नाही. पण तोच अतिथी जेव्हा महापालिकेच्या ठरावाच्या रूपाने आपल्या गल्लीच्या टोकाशी येऊन उभा राहतो, तेव्हा आपण ऐकलेले कीर्तन कानांतच राहिले की खाली उतरले, याची परीक्षा होते.

आज ही परीक्षा पुष्कळ ठिकाणी चालू आहे. शहरात रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी निवारा बांधावा, हे सर्वांना मान्य असते. तो उपनगरातल्या आपल्या वस्तीत मात्र नको, असे म्हणणारे अर्ज निघतात, सभा होतात, सह्या गोळा होतात. सह्या करणारे कोणी दुष्ट नसतात. त्यांत माळकरी असतात, एकादशी करणारे असतात, वारीला जाणारे असतात. म्हणून हा विचार या मासिकात करणे आम्हांस अगत्याचे वाटले.

प्रथम हे लोक कोण ते पाहू. २०११ च्या जनगणनेत फेब्रुवारीच्या शेवटच्या रात्री देशभर बेघरांची मोजदाद झाली. पदपथावर, पुलाखाली, मोठ्या नळांत, रेल्वेच्या फलाटावर, देवळाच्या आवारात उघड्यावर झोपलेले सुमारे १७ लाख ७३ हजार जीव त्या रात्री मोजले गेले. त्यांतले निम्म्याहून अधिक शहरांत होते. यांत भिकारी तेवढे असतात ही समजूत चुकीची आहे. नाक्यावर उभे राहून रोजाने जाणारे मजूर, हमाल, हातगाडी ओढणारे, लग्नसराईत वाढप करणारे, घरातून काढून दिलेल्या म्हाताऱ्या, नवऱ्याच्या मारामुळे बाहेर पडलेल्या बाया, मन ठिकाणावर नसलेले अभागी, आणि हो, व्यसनात बुडालेलेही, असे सर्व त्यांत आहेत. दुष्काळाने गाव सोडलेले आपल्याच मुलखातले लोकही त्यांत आहेत. ज्या इमारतींच्या दारांवर आता पहारेकरी बसतात, त्यांच्या विटा यांच्यापैकीच कित्येकांनी डोक्यावरून वाहिल्या.

हे लिहिताना चोखोबांची आठवण होते. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू होते. चोखोबा तेथे मजुरीस होते. शके १२६० मध्ये, म्हणजे इसवी सन १३३८ साली, ती भिंत कोसळली आणि तिच्याखाली ते गेले. गावाच्या रक्षणाची भिंत बांधणारा, पण स्वतः गावकुसाबाहेर राहणारा! त्यांच्या अस्थी नामदेवरायांनी पंढरीस आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी दिली. आपण तेथे मस्तक टेकवतो. मस्तक टेकवणाऱ्याने भिंत आणि भिंत बांधणारा यांचा हिशेब विसरू नये.

आता पूर्वपक्ष. तो नीट मांडला पाहिजे, कारण दुबळा पूर्वपक्ष उभा करून त्याला पाडणे हा शास्त्रविचार नव्हे.

मुंबईच्या एका उपनगरात आम्ही सप्ताहाच्या सेवेस गेलो असता काल्याच्या आदल्या दिवशी मंडळींनी असाच एक अर्ज आमच्यापुढे ठेवला. कित्येकशे माणसांचा निवारा तेथे होणार अशी वार्ता होती. एक बाई म्हणाल्या, “बुवा, माझी मुलगी रात्री साडेदहाला कामावरून येते. स्टेशनापासून तोच रस्ता. उद्या काही झालं तर तुमचं कीर्तन मला काय उपयोगाचं?” एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, “जन्मभराची पुंजी या दोन खोल्यांत घातली. त्यांची किंमत उतरली तर आम्ही जायचं कुठं?” तिसरे म्हणाले, “कचऱ्याचं आगार आमच्याकडे, स्मशान आमच्याकडे, आता हेही आमच्याकडेच. बंगलेवाल्यांच्या भागात का नाही?” तिन्ही म्हणणी खरी आहेत. भिणाऱ्या आईला “तू निर्दय आहेस” असे म्हणणे हा उपदेश नव्हे, उर्मटपणा होय.

चौथे म्हणणे एका शास्त्र्याचे होते आणि ते सर्वांत तिखट. ते म्हणाले, “मनूने अतिथी कोणाला म्हटले? जो एकच रात्र राहतो त्याला. ज्याची तिथी नित्य नाही तो अतिथी. हे लोक तर कायमचे राहणार. मग यांना अतिथिधर्म कसा लागू?” लक्षण बरोबर आहे. त्याच लक्षणावर आपली वारीही चालते. माउलींची आणि तुकोबारायांची पालखी पुण्यात येते तेव्हा भवानी पेठ, नाना पेठ आणि साऱ्या शहराच्या शाळा, ओसऱ्या, गॅलऱ्या वारकऱ्यांनी भरून जातात. कोणी तक्रार करीत नाही, उलट धन्य मानतात. पण दोन मुक्काम झाले की पालखी हलते. ती हलणार हे ठाऊक असते म्हणूनच दारे इतकी सताड उघडतात, असे कोणी म्हटले तर त्यास नाही म्हणवत नाही.

आता उत्तरपक्ष.

धर्मशास्त्राने गृहस्थाला सांगितले की वैश्वदेव झाल्यावर अंगणात येऊन, गाय दोहावयास लागतो तितका वेळ अतिथीची वाट पाहावी. आणखी असे सांगितले की आलेल्याला गोत्र विचारू नये, शाखा विचारू नये, काय शिकलास ते विचारू नये. भुकेल्याची भूक हीच त्याची ओळख. म्हणजे पहिल्या रात्रीपुरता तरी, “हा चांगला आहे का?” हा प्रश्न शास्त्रानेच आपल्या हातून काढून घेतला आहे.

दुसऱ्या रात्रीचे काय? येथे शास्त्रीबुवांनी अर्धेच पान वाचले. अतिथिसत्कार हा एका घराचा धर्म, आणि एका घराची शक्ती मर्यादित, म्हणून त्याला रात्रीची मर्यादा. पण त्याच शास्त्रात इष्ट आणि पूर्त अशी जोडी आहे. इष्ट म्हणजे यज्ञयाग. पूर्त म्हणजे विहिरी, तळी, अन्नसत्रे, बागा, देवालये, धर्मशाळा. एका घराला जे पेलत नाही ते सर्वांनी मिळून करावयाचे, आणि ते रात्रीपुरते करावयाचे नाही. विहीर कोणी एका दिवसासाठी खणतो काय? तेव्हा, बेघर माणूस अतिथीच्या लक्षणात बसत नाही, हे कबूल. पण तेवढ्याने आपण सुटलो असे होत नाही. आपण एका लहान कर्तव्यातून निघून मोठ्यात सापडलो, इतकेच होते. आणि “एवढी कणव असेल तर घेऊन जा आपल्या घरी” हा जो टोमणा निवारा मागणाऱ्यांस मारला जातो, तोही याने निकालात निघतो. तहानलेल्यासाठी गावविहीर मागणाऱ्याला “आपल्या माठातले पाज” असे म्हणून विहीर टाळता येत नाही.

आपल्या संप्रदायात हे पूर्तकर्म कोणी केले हे सांगावयास नको. गाडगेबाबांनी स्वतःसाठी झोपडे बांधले नाही, पण पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरीची चोखामेळा धर्मशाळा तर ज्यांना दुसरीकडे कोणी उभे करीत नव्हते त्यांच्यासाठी. बाबा १९५६ साली गेले. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या आप्तांना थारा देते. नाही तर ही माणसे कोठे झोपली असती? परळच्या पदपथावर. बाबांचे कीर्तन ऐकून रडलेले पुष्कळ असतील. त्यांनी मागितले मात्र अश्रू नव्हेत, झाडू आणि छप्पर मागितले.

तरीही आईच्या भीतीचे उत्तर राहिलेच. त्याचे उत्तर आम्हांस वारीतच दिसते.

दिंडीत सगळे संतच चालतात असे ज्याला वाटते त्याने दिंडी पाहिलेली नाही. तंबाखूवाले असतात, भांडखोर असतात, घरच्यांना नकोसे झालेले असतात. तरी लाखांचा समुदाय अडीचशे किलोमीटर चालतो. हे कसे होते? एका तंबूत लाख माणसे कोंबली जात नाहीत म्हणून होते. प्रत्येक दिंडीला तिचा क्रमांक, तिचा विणेकरी, तिची राहुटी, तिचा स्वयंपाक. दिंडीतल्या माणसाला नावाने हाक मारणारे कोणी तरी असते. कोणी आजारी पडला, कोणी मागे राहिला, कोणी वाकडा वागला, तर तिन्हींची खबर त्याच दिवशी लागते. शिस्त चोपदाराच्या चोपाने राहते असे दिसते, पण खरोखर ती ओळखीने राहते.

निवाऱ्याचेही असेच आहे. २००९ च्या डिसेंबरात, ऐन कडाक्यात, दिल्लीच्या पुसा रोडवरचा एक रात्रनिवारा पाडला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले आणि २०१० साली न्यायालयाने मोठ्या शहरांतून दर लाख वस्तीमागे एक निवारा असावा असा दंडक घातला. पुढे २०१३ साली सुरू झालेल्या नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत एका निवाऱ्यात ५० ते १०० माणसे आणि दरमाणशी ५० चौरस फूट जागा असे माप ठरले. तो होता होईल तो त्यांच्या कामाच्या ठिकाणाजवळ असावा असेही सांगितले. पदपथावरच्या लोकांविषयीच्या १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच ओळखले होते की माणूस रोजगाराच्या जवळ राहावा म्हणून उघड्यावर राहतो. त्याला गावाबाहेर दहा कोसांवर महाल दिला तरी तो पुन्हा नाक्यावरच येईल.

उलट मोठ्या निवाऱ्याचे काय होते ते न्यूयॉर्कने पाहिले. तेथे १९७९ साली एका बेघर माणसाच्या नावाने दावा लागला आणि १९८१ च्या करारनाम्याने शहरावर निवारा देण्याचे बंधन आले. ज्याच्या नावाने दावा होता तो करारावर सह्या होण्यापूर्वीच रस्त्यावर मरून गेला होता. मग शहराने घाईने लष्करी कवायतीच्या इमारती उघडल्या. त्यांतल्या एका दालनात रात्री हजाराच्या घरात पुरुष खाटा टाकून झोपत. चोऱ्या, मारामाऱ्या, रोगराई यांनी ते इतके कुप्रसिद्ध झाले की पुष्कळांना पदपथ बरा वाटे. शेवटी तेथली संख्या दोनशेच्या आसपास आणावी लागली. माणसे वाईट होती म्हणून हे झाले असे नव्हे. हजारांत कोणी कोणाचे नाव जाणत नव्हते म्हणून झाले.

तेव्हा सिद्धांत असा: “एवढा मोठा नको” हे म्हणणे धर्माला धरून असू शकते. “हे लोक नकोत” हे म्हणणे कधीही धर्माला धरून नाही. अडचण ही की दुसरे म्हणणे बहुधा पहिल्याची शाल पांघरून येते, आणि ज्याच्या मनात ते येते त्यालाही ते ओळखू येत नाही. म्हणून ओळखण्याची एक खूण सांगून ठेवतो. आपण सही करतो त्या अर्जाच्या खाली आणखी एक ओळ लिहिता येते का पाहावे: “पाचशेंचा नको, पन्नासांचा, आमच्याच वॉर्डात, द्या.” लिहिता आली तर आपला विरोध आकाराला आहे. हात अडखळला तर तो माणसाला आहे, आणि मग रस्ता, दिवे, किंमत ही सर्व कारणे मागाहून गोळा केलेली आहेत असे समजावे.

“आमच्याकडेच का?” या तक्रारीलाही हेच उत्तर आहे. प्रत्येक वॉर्डाने आपली दिंडी उचलली तर कोणा एकावर पालखीचा सारा भार पडत नाही. ज्यांनी आपल्या वॉर्डात लहान निवारा मागितला, त्यांनाच बंगलेवाल्यांच्या वॉर्डाकडे बोट दाखविण्याचा अधिकार येतो.

मुलीच्या आईला आम्ही तेथे हेच सांगितले की, बाई, रस्त्यावर दिवे मागा, निवाऱ्यास रखवालदार मागा, बायका-लेकरांची जागा निराळी मागा, देखरेखीच्या समितीत स्वतः बसा. ते लोक आजही त्याच रस्त्यावर आहेत, अंधारात आणि बिननावाचे. निवारा झाल्याने ते नव्याने येणार नाहीत. दिव्याखाली येतील, आणि त्यांचे नाव वहीत येईल. त्या लगेच पटल्या असे नव्हे. त्यांनी विचारले, “समितीत तुम्ही याल का?” प्रश्न चोख होता. आम्ही परगावचे; पण त्या वस्तीतल्या भजनी मंडळाच्या दोघांनी हात वर केला. उपदेश जेथे संपतो तेथे असे दोन हात लागतात.

वाचकहो, आपल्या गावोगावच्या मंडळांना एवढेच विनवणे आहे. निवाऱ्याची सभा आपल्या वस्तीत होईल तेव्हा माळकऱ्यांनी मागे बसू नये. आधी उठून बोलावे, माप मागावे, सोयी मागाव्या आणि जागा द्यावी. आषाढात आपण पंधरा-वीस दिवस परक्यांच्या ओसरीवर निजतो. गोत्र न विचारता लोक आपल्याला पाणी देतात, पाय चेपतात. हे ऋण पंढरीला पोहोचले म्हणून फिटत नाही. ज्याचे घर वाटेतच सुटले आणि ज्याची वारी कार्तिकी झाली तरी संपत नाही, त्याला ते परत करावयाचे आहे. पुंडलिकाने देवालाही उभे राहण्यापुरती एक वीटच दिली. पण दिली ती आपल्या दाराशी. इत्यलम्.