पथ्यपाण्याचे व्याकरण

कॅटलन भाषेचे व्याकरण आरोग्यविषयक सल्ल्याच्या नित्याच्या वाक्यांतून शिकावे, ही कल्पना प्रथमदर्शनी अध्यापनातील एक सोयीची युक्ती वाटण्याचा संभव आहे. परंतु या भाषेच्या क्रियापदांची घडण जसजशी ध्यानात येत गेली, तसतसे माझे असे मत होत गेले की, आपले व्याकरणकार ज्यांना क्रियापदाचे 'अर्थ' म्हणतात त्या आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ यांच्या अभ्यासाला तरी याहून उचित असा विषय नाही. 'मुलगा बागेत आहे' या वाक्यात बोलणाऱ्याची इच्छा कोठेच गुंतलेली नसते; 'हे औषध घे' या वाक्यात मात्र एका माणसाची इच्छा दुसऱ्याच्या देहापाशी येऊन थबकलेली असते. त्या देहावर सल्ला देणाराचा अखत्यार चालत नाही, आणि तरीही त्याच्याविषयी त्याला आस्था असते. आस्था आणि अखत्यार यांमधील हे अंतर भाषेला कोणत्या ना कोणत्या क्रियारूपाने भरून काढावे लागते, आणि ते ती कसे भरून काढते हे पाहणे म्हणजेच तिचे व्याकरण आतून पाहणे होय.

कॅटलन ही स्पॅनिशची बोली नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. लॅटिनपासून स्वतंत्रपणे निघालेली ही भाषा कॅटलोनिया, व्हॅलेन्सिया, बॅलेआरिक बेटे, फ्रान्समधील पर्पिन्याँच्या आसपासचा मुलूख आणि सार्डिनिया बेटावरील आल्गेरो हे शहर एवढ्या टापूत प्रामुख्याने बोलली जाते; पिरेनीज पर्वतातील आंदोरा या चिमुकल्या राज्याची तर ती एकमेव राजभाषा आहे.

आता तिच्यातील एक वाक्य जवळून पाहू. आई मुलाला सांगते, 'प्रेन्-ते ला पास्तील्या', म्हणजे गोळी घे. गोळीचा उल्लेख एकदा होऊन गेला की नामाच्या जागी सर्वनाम येते आणि तेही क्रियापदाच्या पाठीशी जोडले जाते: 'प्रेन्-ते-ला', ती घे. येथवर सारे सरळ आहे. परंतु तीच गोळी उपाशीपोटी घेऊ नकोस असे सांगायचे झाले, तर वाक्याच्या आरंभी नुसता नकार ठेवून भागत नाही. 'नो ते ला प्रेंगिस' असे म्हणावे लागते. पाठीशी असलेली दोन्ही सर्वनामे उठून क्रियापदाच्या अगोदर येऊन बसतात, आणि क्रियापद आज्ञार्थ टाकून एक निराळेच रूप धारण करते, ज्याला आपल्या विध्यर्थाचा जवळचा आप्त म्हणता येईल. हुकुमाला नकार जोडला की मनाई तयार होते, असे ही भाषा मानीत नाही. मराठी वाचकाला यात फारसे नवल वाटू नये. आपणही 'घे'च्या मागे 'न' लावून मनाई करीत नाही, 'घेऊ नकोस' किंवा 'घेऊ नये' असे म्हणून त्या कामासाठी स्वतंत्र क्रियापदच योजतो. आणि संस्कृतातही निषेधार्थक 'मा' आले की शिष्ट प्रयोगात बहुधा लुङ् लकाराचे आगमरहित रूप येते. एकमेकींपासून इतक्या दूर वाढलेल्या भाषांनी या एकाच ठिकाणी सावधपणे पाऊल टाकावे, याला माझ्या समजुतीप्रमाणे कारण आहे. आज्ञा एखादी क्रिया सुरू करू पाहते; मनाईला मात्र दुसऱ्याच्या मनात अगोदरच उगवलेल्या इच्छेला सामोरे जावे लागते, आणि मधुमेही माणसाच्या ताटातील गोडाचा पदार्थ ज्याने कधी बाजूला सारून पाहिला असेल, त्याला ही दोन कामे एक नव्हेत हे सांगण्याची गरज नाही.

मनाईत येणारे हेच रूप आदरातही येते, ही गोष्ट मला अधिक मननीय वाटते. डॉक्टर लहान मुलाला 'बेउ आइग्वा', पाणी पी, असे सांगतात. वृद्ध रुग्णाशी बोलताना मात्र, 'वुस्ते' या आदरार्थी सर्वनामाला अनुसरून, 'बेगी आइग्वा' असे म्हणतात. मित्राला दारूपासून परावृत्त करताना 'नो बेगिस' म्हणतात, आणि रुग्णाचा निरोप घेताना 'के मिल्यॉरिस', तू बरा होवोस, अशी शुभेच्छा देतात. आदर, निषेध आणि शुभेच्छा या तीन प्रसंगांना एकाच अर्थाची रूपे लागतात, कारण तिन्हींत सांगितलेली गोष्ट अजून घडलेली नसते आणि ती घडविणे बोलणाऱ्याच्या मुठीत नसते. आपल्याकडेही वडीलधाऱ्यांना 'औषध घ्यावे' असे विध्यर्थातच विनवितात. वाग्भटाच्या दिनचर्येच्या अध्यायातील क्रियापदे पाहावीत, तर तीही बहुतेक विधिलिङातच आढळतात. पथ्याचा शास्ता आणि विनंती करणारा या दोघांनाही एकच व्याकरण पुरते, ही काही लहान गोष्ट नव्हे.

कर्तव्य सांगण्याच्याही या भाषेत पायऱ्या आहेत. 'काल कामिना', म्हणजे चालणे आवश्यक आहे, हे वाक्य कोणालाच उद्देशून नसते आणि म्हणून ते सर्वांना लागू पडते. भिंतीवरील सूचनेला ते शोभते. 'आस दे कामिना' यात ते कर्तव्य एका विशिष्ट माणसाच्या खांद्यावर येते. 'अउरिएस दे कामिना' असे म्हटले की तीच सक्ती संकेतार्थात जाऊन सौम्य होते: तू चालायला हवेस, असे मला वाटते. आणि या सर्वांपलीकडे, 'जो दे तू' या दोन सर्वनामांनी सुरू होणारे वाक्य आहे, ज्यात सल्ला देणारा स्वतःच रुग्णाच्या जागी जाऊन उभा राहतो आणि सांगतो की, मी तुझ्या जागी असतो तर डॉक्टरांकडे गेलो असतो. चार वाक्यांत भिंतीवरच्या सूचनेपासून जिवलग मित्रापर्यंतचे अंतर कापले जाते, आणि हे अंतर रूपावलीचा तक्ता पाठ करून कधीही कळत नाही.

रुग्णाच्या बाजूनेही व्याकरण असेच सजग असते. ताप काल येऊन गेला असेल तर 'आई वाच तेनी फेब्रे' असे म्हणावे लागते, आजच येऊन गेला असेल तर 'आवुई ए तिंगुत फेब्रे'. आजचा भूतकाळ आणि कालचा भूतकाळ यांची रूपे भिन्न असल्यामुळे, डॉक्टरांनी विचारण्यापूर्वीच क्रियापदाने तपशिलाचा काही भाग पुरविलेला असतो. कालच्या रूपात 'जाणे' या धातूचे साहाय्य घेतले जाते, आणि तेवढ्यामुळे त्याला भविष्याचा भास होतो; परंतु तो एकदा समजला की पुन्हा फसवीत नाही.

सल्ल्याच्या वाक्यांशी या भाषेचे नाते आजकालचे नाही. अरागॉनचा राजा दुसरा जाउमे याच्यासाठी अर्नाउ दे विलानोवा या विख्यात वैद्याने लॅटिनमध्ये लिहिलेला आरोग्यरक्षणाचा ग्रंथ चौदाव्या शतकाच्या आरंभी कॅटलनमध्ये उतरला. पुढे 1348 साली, काळ्या मरीने युरोप ग्रासला असता, ल्येइदा येथील विद्यापीठातील वैद्यकाचे अध्यापक जाउमे दाग्रामोन यांनी नगराच्या कारभाऱ्यांना उद्देशून मरीपासून बचाव करण्याविषयी एक प्रबंध लिहिला, तो लॅटिनमध्ये न लिहिता कॅटलनमध्येच. आणि हा ग्रंथ वैद्यांच्या शिक्षणासाठी नसून लोकांच्या हितासाठी आहे, असे त्यांनी त्यात स्पष्टपणे नमूद केले. त्यांची रोगमीमांसा दूषित हवेच्या जुन्या कल्पनेवर उभी होती, आणि तिच्यातील बरेचसे आज टिकणारे नाही. परंतु मृतांसाठी चर्चच्या घंटा या दिवसांत वाजवू नयेत, कारण तो नाद ऐकून अंथरुणाला खिळलेल्यांच्या मनात अशुभ विचार येतात, ही त्यांची सूचना वाचताना, कानावर पडणाऱ्या गोष्टीचाही रुग्णाच्या मनावर परिणाम होतो हे या वैद्याने किती खोलवर ओळखले होते, याची साक्ष पटते.

ज्या भाषेत असा सल्ला सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिला गेला, तिचे आधुनिक लेखननियम 1913 मध्ये आणि प्रमाण व्याकरण 1918 मध्ये सिद्ध झाले. हे कार्य ज्यांच्या नावावर आहे ते पोंपेउ फाब्रा शिक्षणाने अभियंते होते आणि काही वर्षे बिल्बाओ येथे रसायनशास्त्र शिकवीत होते. 1932 मध्ये त्यांचा शब्दकोश प्रसिद्ध झाला, 1939 मध्ये फ्रँकोच्या फौजांच्या विजयानंतर त्यांना देश सोडावा लागला, आणि 1948 मध्ये सीमेपलीकडच्या प्रादा या गावी त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या राजवटीत कॅटलन शाळेतून आणि सरकारी दप्तरातून हद्दपार झाली. घरात आई 'प्रेन्-ते-ला' म्हणतच होती. परंतु ते वाक्य लिहावे कसे, हे मुलाला शाळेत कोणी शिकवीत नव्हते, आणि आपली भाषा अस्खलित बोलणारी पण ती लिहिता न येणारी माणसांची एक अख्खी पिढी त्यातून निर्माण झाली. 1983 च्या भाषाविषयक कायद्याने शाळेचा दरवाजा तिला पुन्हा पूर्णपणे खुला केला.

आज तीच भाषा परदेशांतून आलेली माणसेही शिकत आहेत. बार्सिलोनाच्या राव्हाल भागात पाकिस्तानी आणि इतर दक्षिण आशियाई कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि प्रौढांना कॅटलन शिकविण्यासाठी 1989 पासून एक सार्वजनिक संस्था काम करीत आहे. अशा शिकणाऱ्याला लेकराचा ताप घेऊन दवाखान्यात जाण्याची पाळी येते, ती पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेची वाट पाहत नाही. प्रचलित क्रमानुसार स्वार्थातील वर्तमान, भूत आणि भविष्य हे काळ आधी येतात आणि हा विध्यर्थसदृश प्रकार, कठीण म्हणून, पुष्कळ मागे ठेवला जातो. परंतु डॉक्टरांच्या तोंडची पहिलीच आदरार्थी सूचना आणि पहिलीच मनाई यांत तोच बसलेला असतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, तो पहिल्या काही पाठांतच द्यावा, तक्त्याच्या रूपाने नव्हे तर या वाक्यांच्या रूपाने: 'बेगी आइग्वा', 'नो ते ला प्रेंगिस', 'के मिल्यॉरिस'. त्यांची फोड नंतर यथावकाश करता येईल. ती ऐकून समजणे आणि योग्य माणसाला योग्य रूपात परत म्हणता येणे, हे आधी साधले पाहिजे.