गढीतलं भूत आणि गड्याचं साल

सारा वॉटर्स या वेल्श लेखिकेची 'द लिटल स्ट्रेंजर' ही कादंबरी २००९ साली प्रसिद्ध झाली. काळ १९४७-४८चा. महायुद्ध संपलेलं आहे, मजूर पक्षाचं सरकार आलेलं आहे आणि वॉरिकशायरमधला 'हंड्रेड्स हॉल' नावाचा जमीनदारी वाडा ढासळत चालला आहे. गोष्ट सांगतो तो डॉक्टर फॅरडे. त्याची आई एकेकाळी याच वाड्यात मालकांची मुलं सांभाळायची. वाड्यात विपरीत गोष्टी घडू लागतात, घरातलं एकेक माणूस कोसळत जातं. ही कादंबरी वाचलेली माणसं एकत्र आली की वाद बहुतेक एकाच गोष्टीवर रंगतो : वाड्यात भूत होतं की नव्हतं, आणि असलंच तर कोणाचं?

या वादात बेटी मागं पडते. बेटी ही वाड्यातली चौदा वर्षांची मोलकरीण. डॉक्टर वाड्यात पहिल्यांदा उपचाराला येतो तो तिच्यासाठीच. तिनं पोटदुखीचं सोंग केलेलं असतं, कारण त्या भल्यामोठ्या घरात तिला एकटं वाटतं, भीती वाटते आणि घरी जायचं असतं. डॉक्टरही मोलकरणीच्या पोटचा; पण त्याचा जीव गुंततो वाड्यात आणि वाड्याच्या मालकांत. वर्गाची गोष्ट इथं आहे. भुतानं मात्र वाचकांचं लक्ष दुसरीकडे नेलं.

इंग्लंडच्या वाचकांना बोल लावण्याआधी आपण आपल्या हिंगोली जिल्ह्याकडे पाहू. १९४८च्या जुलैत इंग्लंडात सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, त्याच वर्षीच्या १७ सप्टेंबरला आपण निजामी राजवटीतून सुटलो. पुढच्या वर्षी जहागिऱ्या गेल्या, १९५० साली हैदराबाद राज्याचा कूळकायदा आला. गावोगावच्या गढ्या त्याआधीपासूनच खचत होत्या, नंतर भराभर खचल्या. आज त्या गढ्यांबद्दल गावात काय ऐकायला मिळतं? तिथं पुरलेलं धन, धनावरचा नाग, अमावस्येला दिसणारा दिवा. गढीची पांढरी माती वाहून कोणी आणली, वेठीला कोणत्या वस्तीतली माणसं धरली, बाळंतीण बाईसुद्धा कामावर कशी बोलावली जायची, हे सांगणारी म्हातारी माणसं होती. त्यांना कोणी विचारलं नाही. आता ती राहिली नाहीत.

औंढ्याला हेच झालं. नरसीत जन्मलेले, शिंपी घरातले संत नामदेव नागनाथासमोर कीर्तनाला उभे राहिले, त्यांना तिथून उठवून देवळामागं पाठवलं आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा जिल्ह्यातल्या लेकराबाळांना पाठ आहे. औंढ्याला गेलेला प्रत्येक माणूस देवळामागचा नंदी दाखवून देऊळ फिरल्याची साक्ष देतो. नामदेवांना उठवलं कोणी आणि कोणत्या अधिकारानं, हे विचारणारा मला क्वचितच भेटला. चमत्कारापुढं हात जोडले की अपमानाचा जाब विचारायची गरज उरत नाही. आपली वाचायची सवय अशी घडत आली आहे, आणि ती मोडली पाहिजे असं माझं ठाम म्हणणं आहे.

हीच सवय कादंबरी वाचतानाही दिसते. आनंद यादव यांची 'गोतावळा' ही कादंबरी १९७१ साली आली. नारबा हा मळ्यावरचा गडी. बैल, म्हशी, कुत्री, कोंबड्या हाच त्याचा संसार. मालक ट्रॅक्टर आणतो, जनावरं जातात आणि नारबाचा गोतावळा संपतो. पन्नास वर्षं आपण ही कादंबरी वाचतो आहोत, वर्गात शिकवतो आहोत. शिकवताना काय सांगतो? माणूस आणि यंत्र, निसर्गाशी नातं, ग्रामीण बोलीचं सौंदर्य. हे सारं त्या कादंबरीत आहे, यात शंका नाही. पण नारबाला स्वतःचं घर का नाही, लग्न का नाही, आयुष्यभर राबूनही त्या मळ्यात त्याच्या नावावर काय आहे, हे प्रश्न परीक्षेत येत नाहीत. जनावरांसाठी डोळे ओले करणारा वाचक गड्याजवळून सहज पुढे निघून जातो.

याचं कारण उघड आहे आणि ते बोललं पाहिजे. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा इथं पुस्तकं वाचणारे बरेच जण माझ्यासारखे नोकरदार. महिन्याला पगार येतो, गावाकडे जमीन आहे आणि त्या जमिनीवर सालगडी आहे. कादंबरी वाचताना आम्ही आपोआप नारबाच्या बाजूला जाऊन बसतो, कारण आमचा आजाही कोणाच्या तरी बांधावर राबलेला असतो. आज आम्ही मालक आहोत, हे पुस्तक मिटेपर्यंत आठवत नाही आणि मिटल्यावर आठवून घ्यावंसं वाटत नाही. फॅरडे डॉक्टरची गतही हीच होती.

काही मित्र म्हणतात, कादंबरी म्हणजे मजुरीचा खतावणी-हिशेब नव्हे. कलाकृतीला कलाकृती म्हणून वाचावं. जरूर वाचावं. पण नारबाचं एकटेपण ज्या कामाच्या अटींतून आलं, त्या अटी बाजूला ठेवून ते एकटेपण समजणार कसं? त्या अटी कळल्या की कादंबरीची कला कमी होत नाही, ती अंगावर येते.

म्हणून वाचनालयांना आणि शिक्षकांना एक विनंती आहे. वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला येतो. तेव्हा सोयाबीनची सुगी असते, राबणारी माणसं रानात असतात आणि पुस्तकं शाळेच्या व्हरांड्यात. एक वाचन गुढीपाडव्याच्या आधी ठेवा, रात्री जेवणं झाल्यावर. हळद शिजवून दमलेल्या बाया आणि गडी येतील अशा जागी ठेवा. 'गोतावळा'ची चार पानं मोठ्यानं वाचा आणि आधी त्यांना बोलू द्या. मालकांनी त्या रात्री ऐकावं.

मग पाडव्याला गड्याचं साल, म्हणजे वर्षाच्या कामाची बोली, ठरवताना मालकांनी काही गोष्टी कागदावर आणाव्यात. गड्याला सालात सुट्या किती? आजारी पडला तर खाडा धरणार का? उचल किती आणि ती फिटली हे कोण लिहून देणार? त्याची बायको गोठ्यातलं शेण काढते, त्याचे पैसे कोणाच्या हातात? किमान वेतनाचा कायदा १९४८ साली आला आणि शेतमजुरी त्यात पहिल्यापासून होती. सालाची रक्कम दिवसांनी भागून पाहा, ती किमान वेतनाच्या दरापर्यंत पोचते का? वेठबिगारी १९७६च्या कायद्यानं गुन्हा ठरली आहे. उचल फिटेपर्यंत गड्यानं दुसरीकडे जायचं नाही, ही अट आपण घालतो तेव्हा तो कायदा आपल्यालाही लागू होतो.