काइनाचे शहर आणि आपले कुंपण



पवित्र शास्त्रात पहिले शहर कोणी वसवले? काइनाने, भावाचा खून करणाऱ्याने (उत्पत्ती ४:१७). त्याच्याच वंशात पुढे वाद्ये वाजवणारे आणि तांब्या-लोखंडाची हत्यारे घडवणारे निपजले. शास्त्र शहराला नावे ठेवत नाही. पण ते कोणी बांधले हेही लपवत नाही.

आपले सोलापूरही असेच प्रगतीच्या जोरावर वाढले. १८६० साली रेल्वे आली, पुढे गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणाऱ्या लमाणांचा धंदा मात्र रेल्वेने देशभर बसवला. ज्यांचे पोट भटकंतीवर, ते नव्या व्यवस्थेला चोर वाटू लागले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर माणूस जन्मावरूनच गुन्हेगार ठरू लागला. पुढे सोलापुरात कैकाडी, पारधी अशा जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणात ठेवली गेली. रोज हजेरी द्यायची, बाहेर जायला परवाना काढायचा आणि गिरणीत राबायचे. याला तेव्हा ‘सुधारणा’ म्हणत.

कडू गोष्ट अशी की, काही काळ या सेटलमेंटचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता. ते आपल्या कॅथोलिक पंथाचे नव्हते, असे म्हणून आपण अंग काढून घेऊ नये. ख्रिस्ताचेच नाव घेणारी माणसे होती ती, आणि हेतूही वाईट नसावा. कुंपण मात्र राहिलेच.

परमेश्वराने काइनावर खूण केली, ती त्याला कोणी जिवे मारू नये म्हणून. काइन तर खरोखरच गुन्हेगार होता. सोलापूरच्या कुंपणात लेकरे जन्माला येत होती, आणि त्यांच्यावरची खूण त्यांना राखण्यासाठी नव्हती.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि या जमातींना ‘विमुक्त’ म्हणू लागले. पंडित नेहरूंनी येथे येऊन कुंपणाची तार तोडली, ही आठवण आजही सांगितली जाते. पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या परिपत्रकात लिहिले की, विकास खरा असेल तर तो प्रत्येक माणसाचा आणि संपूर्ण माणसाचा असला पाहिजे. आपण त्याला मान डोलावतो. ज्या गिरण्यांसाठी एवढे केले, त्याही एकेक करून बंद पडल्या. सेटलमेंट हे नाव तेवढे राहिले.

भावाविषयी देवाने काइनाला विचारले, तेव्हा त्याने उडवून लावले. घरकामाला बाई आली की आपण तिला पत्ता विचारतो. ती ‘सेटलमेंट’ म्हणाली, तर आपला पुढचा प्रश्न काय असतो?