रित्या घराची निगा

जी वस्तू रोज कामाला येते तिची काळजी घेणे हा सरळ व्यवहार झाला. बैल उद्या नांगर ओढणार, म्हणून आज त्याच्यापुढे वैरण टाकायची. पण जी पुढचे सहा महिने आपल्या कसल्याच उपयोगी पडणार नाही, तिचे आपण काही देणे लागतो का? हा प्रश्न मला अमेरिकेत, मिनेसोटात, लेकीच्या अंगणात पडला.

तिकडे पुष्कळ कुटुंबांजवळ चाकांवरचे घर असते. ‘आरव्ही’ म्हणतात त्याला. बिछाने, ओटा, शेगडी, न्हाणी, पाण्याच्या टाक्या, सारे आत. उन्हाळाभर ते घेऊन तळी-डोंगर पालथे घालायचे. ऑक्टोबरात इकडे आपण आकाशकंदील शोधू लागतो, तेव्हा तिकडे या घराला निजवण्याची तयारी सुरू होते. हिवाळ्यात पारा शून्याखाली २०-३० अंश उतरतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि ज्या नळीने उन्हाळाभर तहान भागवली तीच फुटते.

जावईबापूंनी आधी सगळ्या टाक्या रित्या केल्या, बंब उपसला. मग नळ्यांतून न गोठणारे गुलाबी द्रव खेळवले. प्रत्येक तोटीतून गुलाबी धार येईपर्यंत थांबले नाहीत. मोटारीत घालतात ते इथिलीन ग्लायकॉल विषारी; हे प्रॉपिलीन ग्लायकॉलचे, पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांना चालणारे. मोरीखालच्या वाकड्या नळीतही ते पेलाभर ओतले. बॅटरी पुरती चार्ज करून काढून ठेवली. चार्ज केलेली कडाका सोसते, उतरलेली गोठून तडकते. बुरशी धरू नये म्हणून फ्रिजचे दार किलकिले ठेवले. उंदरांसाठी फटी बुजवल्या.

मी म्हणालो, “पाणी काढलेत, आता कुलूप घातले तर नाही का भागणार?”

“बाबा, टाकीभर पाण्याची भीती नसते,” ते म्हणाले, “ते दिसते, काढून टाकता येते. भीती असते ती वळणात राहिलेल्या वाटीभर पाण्याची.”

हे शहाणपण आपल्याला परके नाही. पावसाळ्याआधी कोकणातला कोळी होडी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारतो. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्याचे खांदे मात्र हळद-तुपाने मळतात.

कोणी म्हणेल, यातही स्वार्थच आहे. वसंतात गाडी हवी, नारळी पौर्णिमेनंतर होडी हवी. कबूल. पण त्याच गोठ्यात म्हातारा बैलही असतो. त्याचा नांगर कायमचा सुटलेला. त्याचेही खांदे जो शेतकरी तितक्याच मायेने मळतो, त्याच्या हिशेबात कोणता वसंत असतो? मला वाटते, निगेची सुरुवात स्वार्थाने होत असेल. पण हाताला एकदा वळण लागले की तो हात उपयोग विचारत नाही.

आणि घरोघरी मागल्या खोलीत एखादी आत्या, एखादे काका असतातच. त्यांना आपण टाकलेले नसते. जेवणखाण, औषधपाणी वेळेवर असते. म्हणजे कुलूप नीट घातलेले असते. पण मोठ्या अपमानाने माणूस मोडतोच असे नाही. कुणी न विचारलेली चौकशी, अर्ध्यावर तोडलेली गोष्ट कुठल्याशा वळणात साचून राहते आणि गोठते.

दिवाळीला आपण माळा झाडतो, पितळेची भांडी घासतो. त्या गडबडीतून मागल्या खोलीत जाऊन दोन घटका बसावे. काय हवे-नको विचारून लगेच उठू नये; बोलणे पुरते वाहून जाऊ द्यावे.