मुलांचा डाव, मुलांच्या हाती

गल्लीत खेळ रंगात आलेला असतो आणि एखादं पाच वर्षांचं धाकटं भावंड हट्टाने त्यात घुसतं. त्याला घेतलं तर खेळाचा विचका होतो आणि न घेतलं तर ते रडत घरी जातं. या पेचावर मराठी मुलांनी फार पूर्वीच तोडगा काढून ठेवला आहे. ते मूल ‘कच्चं लिंबू’ होतं. ते सगळ्यांबरोबर पळतं, लपतं, आरडाओरडा करतं. पण सापडलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. वर्ष-दोन वर्षांनी कधीतरी तेच मूल ठणकावतं, मी आता कच्चं लिंबू नाही. तेव्हापासून त्याला सगळे नियम लागू होतात.

ही व्यवस्था कुठल्या शिक्षणतज्ज्ञाने आखून दिलेली नाही. तरीही तिच्यात दुबळ्याला सामावून घेणं आहे, सवलतीला मुदत आहे आणि ती सवलत सोडण्याचा मान त्या मुलाकडेच ठेवलेला आहे. गट पाडण्याची रीतही अशीच शहाणपणाची. सारख्या ताकदीची दोन-दोन मुलं गळ्यात हात टाकून बाजूला जातात, स्वतःला गुपचूप नावं ठेवून घेतात, एक चंद्र आणि एक सूर्य, आणि मग दोन कॅप्टनपुढे येऊन विचारतात, तुला कोण हवा? कॅप्टनला नावामागचा गडी कळत नाही. त्यामुळे दोन्ही गट तोलाचे होतात आणि ‘कोणालाच नको असलेलं मूल’ शेवटी एकटं उभं राहत नाही.

आज शहरांत मुलांना ‘सोशल स्किल्स’ शिकवणारी शिबिरं भरतात. पालक काळजीने मुलांना तिथे घालतात आणि त्या काळजीत खोटं काही नाही. एकटी वाढणारी मुलं आहेत, हातात मोबाइल आहे, इमारतीखालची मोकळी जागा गाड्यांनी भरलेली आहे. पण चारचौघांत वागण्याची रीत मुलं शिकतात ती खेळाचा आणि कलेचा कारभार त्यांच्याच हाती असतो तेव्हा, असं मला ठामपणे वाटतं. शिट्टी घेऊन मोठं माणूस मधोमध उभं राहिलं की व्यायाम होतो, मजाही येते. नियम ठरवणं, त्यावरून भांडणं आणि भांडण मिटवून डाव पुढे नेणं मात्र मुलांच्या वाट्याला येत नाही. आणि शिकण्यासारखं जे आहे ते तिथेच आहे.

ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांची नीतिबुद्धी कशी घडते हे शोधण्यासाठी त्यांच्या गोट्यांच्या खेळाकडे पाहिलं. मुलांना तो विचारायचा, हा नियम कोणी केला? बदलता येईल का? १९३२ साली त्याने आपली निरीक्षणं पुस्तकरूपाने मांडली. लहान मुलांना नियम वडीलधाऱ्यांकडून आलेले, अढळ वाटत. दहा-अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना उमगे की नियम म्हणजे आपण सगळ्यांनी मान्य केलेली गोष्ट आणि सगळे राजी असतील तर ती बदलता येते. पियाजेच्या मते ही समज बरोबरीच्या मुलांशी वागताना येते. वरून आलेल्या आज्ञेतून ती येत नाही. त्याच सुमारास रशियात लेव्ह विगोत्स्की म्हणत होता की खेळात मूल स्वतःच्या तत्क्षणीच्या इच्छेला लगाम घालायला शिकतं. लपंडावात लपलेल्या मुलाला हसू अनावर झालेलं असतं, बाहेर डोकवावंसं वाटत असतं. तरी ते श्वास रोखून बसतं. आईने दहा वेळा ‘स्वस्थ बस’ म्हटलं तरी न बसणारं हेच ते मूल.

आपल्या मैदानी खेळांत हा लगाम जागोजागी विणलेला आहे. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसलेले असतात आणि धावतो एकटा नववा. धावणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, दिशा घेतली की मागे वळता येत नाही. गडी हातातून निसटतोय हे कळलं की स्वतःचा हट्ट सोडून योग्य जागी बसलेल्याला खो द्यावा लागतो. बसलेल्यांनाही खो मिळेपर्यंत उठता येत नाही, पण मन मात्र धावतं ठेवावं लागतं. लगोरीत सात चपट्या दगडांची चळत फुटली की ती रचणारा चेंडूच्या माऱ्यासमोर उघडा पडतो. मग गटातलं कोणीतरी मुद्दाम समोर येऊन चेंडू स्वतःकडे ओढून घेतं आणि तेवढ्या वेळात दुसरा दोन दगड चढवतो. लगोरी लागल्याचा जल्लोष सगळ्यांचा असतो. आपण बाद होऊन गट जिंकवल्याचा आनंद काय असतो, हे मुलाला शब्दांत सांगून कधीच पटणार नाही.

आणि भांडण? भांडण हा या खेळांचा दोष नाही, त्यातला तो मोलाचा भाग आहे. चेंडू लागला की नाही, यावरून दोन्ही गट इरेला पेटतात. रडीचा डाव म्हणून हिणवणं होतं. पण तिथे पंच नसतो आणि प्रत्येकाला घरी निघून जायची मुभा असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर ग्रे याने या मुभेवर नेमकं बोट ठेवलं आहे. कोणीही कधीही खेळ सोडू शकतो, म्हणून खेळ चालू ठेवायचा तर इतरांना राजी राखावंच लागतं. बॅट ज्याची आहे त्यालाही आपला शब्द किती ताणायचा हे कळावं लागतं. पुन्हा टाकू, असं म्हणून मुलं बहुतेक वाद मिटवतात. सत्य ठरवता येत नसेल तर दोघांनाही मान्य होईल असा मार्ग काढायचा, हे त्यामागचं तत्त्व.

इथे एक प्रश्न थांबून पाहायला हवा. जॅनेट लेव्हर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात अमेरिकी शाळकरी मुलांचे खेळ पाहिले. त्यांना दिसलं की मुलगे भांडण सोडवून खेळ पुढे नेतात, मुली मात्र भांडण झालं की बऱ्याचदा खेळच थांबवतात. यावरून मुली नियमांत कच्च्या, असा निष्कर्ष काढणं सोपं होतं. कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली याला हरकत घेतली. मुलींना खेळापेक्षा नातं टिकवणं मोलाचं वाटतं आणि हाही नीतीचा विचारच आहे, असं त्यांनी मांडलं. मला इथे भोंडला आठवतो. पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायचा. त्यात कोणी हरत नाही, कोणी बाद होत नाही. लहान-मोठ्या, नवख्या आणि जाणत्या एकाच फेरात असतात. गाणं येत नसेल तर शेजारणीच्या सुरात सूर मिसळून येऊ लागतं. शेवटी खिरापत ओळखायची, म्हणजे चढाओढ असलीच तर ती हसण्यावारी नेणारी. विदर्भ-खानदेशातल्या भुलाबाईतही मुलींचा असाच मेळ जमतो. डाव रेटून नेण्याचं कौशल्य आणि कोणाला न दुखावता फेर जुळवण्याचं कौशल्य, दोन्ही मुलांना लागतात आणि दोन्ही मुलग्यांना आणि मुलींना सारखीच मिळायला हवीत.

कलेची वाट या दुसऱ्या कौशल्याकडे अधिक सहज नेते. सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी २०१० साली चार वर्षांच्या मुलांवरचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही जोड्यांनी एकत्र गाणं म्हणत, वाद्यं वाजवत, नाचत एक खेळ खेळला. बाकीच्या जोड्यांनी तोच खेळ संगीताशिवाय खेळला. नंतर एका मुलाच्या हातातल्या गोट्या सांडतील अशी योजना होती. एकत्र गायलेली मुलं सोबत्याच्या मदतीला जास्त वेळा धावली. ताल धरणं म्हणजे दुसऱ्याकडे सतत लक्ष ठेवणं, आणि ती सवय गाणं संपल्यावरही काही काळ अंगात राहते, असं यावरून म्हणता येतं.

नाटकात हे लक्ष आणखी खोल जातं. सुधा करमरकरांनी १९५९ साली ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणून मराठी बालरंगभूमीला नवं वळण दिलं. ते नाटक लिहिणाऱ्या रत्नाकर मतकरींनी पुढे स्वतःची बालनाट्य संस्था काढली आणि उत्तरायुष्यात ठाण्याच्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. तिथे मुलं आपल्याच जगण्यातले विषय घेऊन नाटकं बसवतात. दारू पिणाऱ्या बापाची भूमिका करायची तर त्याच्या बाजूनेही क्षणभर उभं राहावं लागतं. समोरचा वाक्य विसरला तर त्याला सावरून घ्यावं लागतं, कारण तो पडला तर नाटकच पडतं. पडदा ओढणाऱ्या मुलाचं काम राजाच्या कामाइतकंच गरजेचं असतं, हे तालमीत कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

शाळांमध्ये मात्र कला म्हणजे बहुतेक ठिकाणी स्पर्धा झाली आहे. प्रत्येकाचा कागद वेगळा, प्रत्येकाचा क्रमांक वेगळा. त्याऐवजी वर्गातल्या आठ मुलांना एक भिंत आणि तीनच रंग देऊन पाहा. झाड कुठे संपेल आणि दुसऱ्याची नदी कुठे सुरू होईल हे बोलूनच ठरवावं लागतं. निळा रंग संपत आला की तो कोणाला जास्त लागणार याचा हिशेब करावा लागतो. वयाचं भान मात्र ठेवायला हवं. दोन-अडीच वर्षांची मुलं एकमेकांशेजारी बसून आपापलंच खेळतात. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ सालीच हे नोंदवलं होतं. त्या वयात सहकार्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. तिथे शेजार मिळाला तरी पुष्कळ.

मुलांच्या हाती कारभार द्यायचा म्हणजे मोठ्यांनी हात झटकायचे का? मुळीच नाही. मुलांचं मैदान गावाच्या वेशीबाहेरचं नसतं. गावात जी विषमता असते तीच मैदानात उतरते. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत बसण्यासाठी स्वतःचं गोणपाट न्यावं लागत होतं. अशा समाजात डाव कोण मांडणार आणि लांब उभं राहून कोण पाहणार, हे मुलांनी ठरवलेलं नसतं. आजही भाषा, कपडे, शरीर, अपंगत्व यांवरून मुलं मुलांना बाहेर ठेवतात. नुसतं एकत्र आणूनही भागत नाही. मुझफर शेरीफ यांनी १९५४ साली ओक्लाहोमातल्या शिबिरात २२ मुलग्यांचे दोन गट केले. चढाओढ लावताच गटांत वैर आलं. एकत्र जेवण, एकत्र सिनेमा यांनी ते कमी झालं नाही. शिबिराचं पाणी बंद पडलं आणि दोन्ही गटांना मिळूनच ते सुरू करावं लागलं, अशा प्रसंगांतून ते हळूहळू निवळलं. एलियट ॲरन्सन यांनी १९७१ साली ऑस्टिनच्या शाळांत हेच वर्गात आणलं. धड्याचा एकेक भाग एकेका मुलाकडे द्यायचा. प्रत्येकाचं ऐकल्याशिवाय कोणालाच पूर्ण धडा येणार नाही. गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन मुलांना एकमेकांची गरज निर्माण झाली.

महाराष्ट्रात ही समज त्याआधीपासून होती. १९४१ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर सगळ्या जातींची मुलं, आणि मुलगे-मुलीही, एकत्र खेळली. त्याच्या कलापथकांनी गावोगाव गाणी-नाट्यं नेली. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या. वारली मुलं शाळेत येईनात तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. अनुताई वाघ यांनी कोसबाडला हे काम पुढे नेलं. शंख-शिंपले, पानं, बिया, माती हेच तिथलं साहित्य होतं. ताराबाईंनी मुलांना बदलण्याआधी शाळेची जागा, वेळ आणि साधनं बदलली. मोठ्यांचं काम ते हेच. कोण आत येईल, कोणी बाहेर राहणार नाही, कोणाला इजा होणार नाही हे आपण पाहायचं. मुलाला हेरून छळणं चाललं असेल तर तिथे थांबवायचंच. दार आपण उघडायचं आणि आतला कारभार मुलांवर सोपवायचा.

यासाठी फार काही लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान बंधनकारक केलं आहे. त्या मैदानावर आठवड्यातून एक तास निरनिराळ्या इयत्तांची मुलं एकत्र सोडता येतील, शिक्षक कडेला असतील आणि शिट्टी खिशात राहील. वयाची सरमिसळ असेल तरच कच्चं लिंबू तयार होतं आणि व्हीलचेअरवरच्या मुलासाठी लगोरीचा नियम कसा बदलायचा हा विचारही मुलं करू लागतात. गृहनिर्माण संस्था संध्याकाळी दोन तास अंगणातल्या काही गाड्या बाहेर लावायचं ठरवू शकतात. स्नेहसंमेलनाचं एक तरी नाटक मुलांनी लिहिलेलं, मुलांनीच बसवलेलं असू शकतं. ते थोडं ओबडधोबड झालं तर होऊ द्यावं. आणि खालून भांडणाचा आवाज आला की गॅलरीतून लगेच निवाडा देऊ नये.

हीच मुलं उद्या सोसायटीच्या सभेत, ग्रामसभेत, कचेरीत समोरासमोर बसणार आहेत. मतभेद होतील, कोणी आवाज चढवील, कोणाला उठून जावंसं वाटेल. अशा वेळी थांबून, ऐकून, दोघांना मान्य होईल असं काही सुचवण्याची सवय भाषणांनी लागत नाही. ती लहानपणी हजार वेळा भांडून आणि हजार वेळा पुन्हा डाव मांडून लागते. ते हजार डाव मुलांना मिळतील इतकी मोकळी जागा आणि मोकळा वेळ राखणं, हे आपली पिढी त्यांचं देणं लागते.